जर्सी बदलून पाहताना

मार्च महिन्यातील एका सोमवारची सकाळ. दवाखाना उघडून मी जेमतेम खुर्चीवर बसलो होतो, तोच एक सूनबाई आपल्या सासऱ्यांना घेऊन आत आल्या. सासऱ्यांचे वय ७८. त्यांना आपण येथे आबा म्हणू. चार वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला आहे. रक्तदाबाच्या गोळ्या तर त्याच्याही कितीतरी आधीपासून चालू आहेत. सूनबाईंच्या हातात एक कागदाचा तुकडा होता. आदल्या संध्याकाळी घरच्या यंत्रावर मोजलेला रक्तदाब त्यावर लिहिला होता : १८६/१०४.

“काल मॅच बघून आले तेव्हा चेहरा लालबुंद झाला होता. गॅलरीत कुणा पोराशी भांडण काढलं म्हणे. नीट जेवले नाहीत. आणि रात्री छातीत जड वाटत होतं, हे आज सकाळी सांगताहेत! डॉक्टर, आता तुम्हीच सांगा यांना. फुटबॉल बंद.”

आबांनी सुनेच्या तक्रारीकडे साफ दुर्लक्ष केले. ते माझ्याकडे रोखून पाहत म्हणाले, “डॉक्टर, खरं सांगा. तुम्हीपण होता की तिथं. ती पेनल्टी होती का?”

मी होतो. आबांच्या गॅलरीच्या नेमका समोर, दुसऱ्या पेठेच्या समर्थकांत बसलो होतो. माझ्या दृष्टीने ती पेनल्टी होती, शंभर टक्के होती. पण रक्तदाबाचा पट्टा आबांच्या दंडाला गुंडाळीत मी गप्प राहिलो. त्या क्षणी खरे बोलणे वैद्यकीयदृष्ट्या इष्ट नव्हते.

त्यांचा हृदयालेख काढला. त्यात नवा बिघाड दिसला नाही. तरीही स्टेंट असलेल्या माणसाच्या छातीत जड वाटले होते, म्हणून त्यांना त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले. तपासण्या झाल्या, औषधांत थोडा बदल झाला. पण सूनबाईंचा प्रश्न तसाच उरला : फुटबॉल बंद करायचा का? त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला स्वतःच्या एका जुन्या चुकीपाशी जाऊन थांबावे लागले. तिच्याविषयी पुढे सांगणारच आहे.

जे वाचक कोल्हापूरचे नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. महाराष्ट्रात इतरत्र क्रिकेटचे जे स्थान आहे, ते आमच्या गावात फुटबॉलला आहे. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार तालीम, प्रॅक्टिस क्लब, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही आमच्या संघांची नावे. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. त्या तालमींच्या आणि पेठांच्या नावानेच आमचे संघ मैदानात उतरतात. राजर्षी शाहू स्टेडियमवर दोन तुल्यबळ पेठांचा सामना असला की त्या दिवशी दुकानांची फळी लवकर पडते, हलग्या आणि झेंडे बाहेर येतात. विश्वचषकाच्या वेळी तर मेस्सी, नेमार आणि रोनाल्डो यांची भलीमोठी पोस्टर्स आमच्या चौकाचौकांत उभी राहतात. आमच्याकडे या चुरशीला ‘ईर्षा’ म्हणतात, आणि हा शब्द कोल्हापुरात निंदेचा नाही. ईर्षेमुळेच पोरे पहाटे उठून सराव करतात. पण याच ईर्षेचे कधी शिवीगाळीत, कधी दगड-बाटल्यांच्या फेकाफेकीत रूपांतर झाल्याचे आणि सामना थांबवावा लागल्याचे दिवसही आम्ही पाहिले आहेत.

आता सूनबाईंच्या काळजीकडे येऊ. ती अनाठायी नव्हती. २००६ मध्ये जर्मनीत विश्वचषक झाला, तेव्हा म्युनिक आणि परिसरातील आपत्कालीन डॉक्टरांनी हृदयविकाराच्या तातडीच्या प्रसंगांची पद्धतशीर नोंद ठेवली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार जर्मन संघाच्या सामन्यांच्या दिवशी असे प्रसंग एरवीच्या २.६६ पट झाले. पुरुषांत हे प्रमाण ३.२६ पट, तर स्त्रियांत १.८२ पट होते. सर्वाधिक प्रसंग सामना सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत घडले, आणि ज्यांना आधीपासून हृदयविकार होता त्यांना धोका अधिक होता. त्याआधी, ३० जून १९९८ रोजी इंग्लंडचा संघ अर्जेंटिनाकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हरला, तेव्हा तो दिवस आणि त्यानंतरचे दोन दिवस मिळून इंग्लंडमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले होते. सगळेच अभ्यास असे सांगत नाहीत. इटलीतील एका अभ्यासात अशी वाढ दिसली नाही. पण ज्याच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्याने या इशाऱ्याकडे काणाडोळा करू नये.

असे का होते, तेही समजून घ्यावे. तीव्र राग किंवा भीती वाटली की शरीरात ॲड्रेनलीन आणि तत्सम द्रव्ये वाढतात. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, हृदयाला अधिक प्राणवायू लागतो आणि नेमक्या त्याच वेळी रक्तवाहिन्या आकसतात. वाहिनीच्या आतील चरबीचा थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी होण्याचा किंवा हृदयाची लय बिघडण्याचा संभव अशा वेळी वाढतो. त्यात सामन्याच्या नादात चुकलेली गोळी, उपाशी पोट, खारट फरसाण, लागोपाठ चहा आणि तंबाखू यांची भर पडते.

एवढे वाचून आपण म्हणाल, मग सूनबाईंचे बरोबरच होते. बंद करा तो फुटबॉल. मलाही क्षणभर तसेच वाटले. परंतु आबांचे दिवस मी जाणतो. आठ वर्षांपूर्वी पत्नी गेली. सोबतचे बहुतेक मित्र गेले. हंगामात ते आपल्या पेठेतून स्टेडियमपर्यंत चालत जातात. त्यांचा तेवढाच खरा व्यायाम. गॅलरीत पन्नास माणसे त्यांना नावाने हाक मारतात. जुन्या सामन्यांच्या आठवणी विचारायला तरुण मुले त्यांच्याभोवती बसतात. घरी बसवलेले आबा दिवसभर भिंतीकडे पाहत राहतील आणि दोन महिन्यांत आणखी म्हातारे होतील. एकाकीपणदेखील हृदयाला मानवत नाही.

म्हणून मी सूनबाईंना एक प्रश्न विचारला, “आबांचा रक्तदाब सामन्याने चढला की भांडणाने?” त्या म्हणाल्या, “भांडणानं. पंचांनी पैसे खाल्लेत म्हणत होते. तो पोरगा म्हणाला, नाही. झालं.” मग मला वाटले, उपचार नेमका येथे हवा. खेळ पाहताना हृदय थोडे धडधडणारच. तो खेळाचा आनंद आहे. पण ‘आपल्यावर मुद्दाम अन्याय झाला, समोरचे सगळे लबाड आहेत’ हा विचार सामना संपल्यावरही रात्रभर आत धुमसत राहतो. सामना नव्वद मिनिटांचा असतो, तर राग कितीही तास टिकतो.

आणि गंमत अशी की, आबा खोटे बोलत नव्हते. त्यांना ती पेनल्टी दिसलीच नव्हती. मला ती स्पष्ट दिसली होती. एकच धडक, दोन म्हातारपणाकडे झुकलेले गृहस्थ, चारही डोळ्यांवर व्यवस्थित चष्मे, आणि दोन वेगळी दृश्ये.

या विषयावरचा एक जुना अभ्यास प्रसिद्ध आहे. १९५१ साली अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांत सामना झाला. तो आपला फुटबॉल नव्हे. चेंडू हातात धरून धावण्याचा, अमेरिकन पद्धतीचा. सामना अतिशय आडदांड झाला. एकाचे नाक मोडले, दुसऱ्याचा पाय. नंतर अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कॅन्ट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी दोन्ही विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना त्या सामन्याची तीच चित्रफीत दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथच्या संघाचे जितके नियमभंग दिसले, ते खुद्द डार्टमथच्या विद्यार्थ्यांना दिसलेल्यांच्या दुपटीहून अधिक होते. चित्रफीत तर दोघांनी एकच पाहिली होती. म्हणजे पक्षपात हा केवळ जिभेचा दोष नाही. निकाल देण्याच्याही आधी तो डोळ्यात शिरलेला असतो.

पंचसुद्धा यातून सुटत नाहीत. इंग्लंडमध्ये काही प्रशिक्षित पंचांना लिव्हरपूल आणि लेस्टर यांच्या सामन्यातील ४७ झटापटी चित्रफितीवर दाखवल्या गेल्या. काहींना प्रेक्षकांच्या आरडाओरड्यासह, काहींना आवाज बंद करून. ज्यांनी आवाज ऐकला, त्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. २००२ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या पंचांनी कोणाचे पैसे खाल्ले नव्हते. हजारो माणसे एकदम ओरडली की माणसाचे मन किंचित झुकते, एवढेच. हे कळले की पंचाला लबाड म्हणण्याआधी आपण थोडे थांबतो.

आता माझी चूक. ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका स्थानिक स्पर्धेत मैदानाच्या कडेला डॉक्टर म्हणून बसण्याची विनंती मला आयोजकांनी केली. योगायोगाने त्या दिवशी माझ्याच पेठेचा संघ खेळत होता. दोन्ही संघांची नावे मी मुद्दाम लिहीत नाही. आम्ही एका गोलने पुढे होतो, शेवटची सात-आठ मिनिटे उरली होती. समोरच्या संघाचा एक एकोणीस वर्षांचा मुलगा चेंडू घेऊन मुसंडी मारीत आला, आमच्या बचावपटूने त्याला आडवे केले, आणि तो घोटा धरून कोसळला. आमच्या गॅलरीतून एकच गिल्ला झाला : “नाटक! नाटक!” पंचांनी मला आत बोलावले.

मी चालत गेलो, धावलो नाही. मोज्यावरूनच घोटा चाचपला, वेदनाशामक फवारा मारला आणि म्हणालो, “काही नाही झालेलं. ऊठ.” तो उठायला गेला आणि पुन्हा खाली बसला. त्याला दोघांनी उचलून बाहेर नेले. दुसऱ्या दिवशी क्ष-किरण चित्रात पायाच्या बाहेरच्या बाजूचे हाड घोट्यापाशी मोडलेले दिसले.

घोटा दुखावलेल्या माणसाला कसे तपासावे, हे कोणत्याही डॉक्टरला पाठ असते. बूट-मोजे काढावेत, घोट्याच्या दोन्ही हाडांच्या मागच्या कडेवर बोटाने दाबून पाहावे, चार पावले टाकता येतात का ते पाहावे. ते नीट केले असते, तर ‘ऊठ’ हा शब्द माझ्या तोंडून आला नसता. हाड जागचे सरकले नाही, हे त्या मुलाचे नशीब, माझेही. मला ज्ञान कमी पडले नव्हते. गॅलरीतला ‘नाटक’ हा शब्द माझ्या कानांत माझ्या पदवीपेक्षा मोठा झाला होता. मैदानात डॉक्टर गेला नव्हता. पांढरा कोट घातलेला एक समर्थक गेला होता.

त्या सकाळी ते क्ष-किरण चित्र घेऊन मुलाचे वडील माझ्या दवाखान्यात आले. ते भांडतील अशी मी मनाची तयारी केली होती. त्यांनी चित्र टेबलावर ठेवले आणि शांतपणे विचारले, “डॉक्टर, हाच पोरगा तुमच्या पेठेचा असता, तर तुम्ही पळत गेला असता ना?”

मला उत्तर देता आले नाही. मी हात जोडले आणि चूक कबूल केली. मुलाचा पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. तो हंगाम त्याचा गेला. पुढे दोन-तीन महिन्यांनी तेच गृहस्थ पुन्हा दारात उभे राहिले. म्हणाले, “डोकं जड वाटतंय, जरा बीपी बघा.” मी आश्चर्याने पाहत राहिलो, तेव्हा म्हणाले, “चूक कबूल करणारा डॉक्टर बरा.” तेव्हापासून ते माझे रुग्ण आहेत. वाचकहो, तेच हे आबा.

त्यांच्या त्या एका प्रश्नाइतके चांगले औषध पक्षपातावर मला कोणत्याही ग्रंथात सापडलेले नाही. फाउल दिसला की मनातल्या मनात दोन्ही खेळाडूंच्या जर्सी बदलून पाहा. पडलेला आपला असता तर? पाडणारा आपला असता तर? उत्तर तेच येत असेल, तर खुशाल ओरडा. उत्तर बदलत असेल, तर समजा की डोळ्यावर झेंडा आला आहे.

हे केवळ आमच्या गावाचे दुखणे नाही. कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांची चुरस शंभर वर्षांच्या घरातली. मोहन बागान पश्चिम बंगालच्या मूळ रहिवाशांचा, ईस्ट बंगाल पूर्वेकडून आलेल्यांचा, अशी ही वाटणी थेट स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलेली. एक जिंकला की कोळंबी आणि दुसरा जिंकला की हिलसा. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर या दोन संघांचा सामना चालू असताना मैदानातली झटापट गॅलरीत पेटली. मारामारी आणि चेंगराचेंगरीत १६ प्रेक्षकांचा मृत्यू झाला. सकाळी घरून जेवून निघालेली ती माणसे होती. तो दिवस तेथे फुटबॉलप्रेमींचा दिवस म्हणून पाळला जातो, त्या दिवशी रक्तदान शिबिरे भरतात. रक्तदानाच्या पिशवीवर संघाचे नाव नसते, ही गोष्ट डॉक्टर म्हणून मला फार मोलाची वाटते.

आणि याच कोलकात्याने दुसरे दृश्यही दाखवले. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात कर्तव्यावर असलेल्या तरुण डॉक्टरवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. सारा देश हादरला. १८ ऑगस्टला होणारा मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा ड्युरँड चषकातील सामना रद्द झाला. त्या संध्याकाळी दोन्ही संघांचे समर्थक, त्यांच्यासोबत मोहमेडन स्पोर्टिंगचेही, सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर जमले आणि आपापल्या रंगांच्या जर्सी घालून, खांद्याला खांदा लावून त्या डॉक्टरसाठी न्याय मागू लागले. जर्सी कोणी उतरवली नव्हती, हे मला महत्त्वाचे वाटते. आपला रंग सोडल्याशिवायही माणूस दुसऱ्याच्या बाजूला उभा राहू शकतो.

मानसशास्त्रज्ञांनाही असेच काहीसे आढळले आहे. इंग्लंडमधील एका प्रयोगात मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांना आधी आपल्या संघाविषयी विचार करायला लावले. मग वाटेत त्यांच्यासमोर एक धावणारा माणूस पाय मुरगळून पडे. तो युनायटेडच्या जर्सीत असला की बहुतेक जण मदतीला थांबत. लिव्हरपूलच्या जर्सीत असला की बहुतेक जण पुढे निघून जात. दुसऱ्या वेळी चाहत्यांना आपल्या संघाऐवजी ‘फुटबॉलप्रेमी’ असण्याविषयी विचार करायला लावले. तेव्हा लिव्हरपूलची जर्सी घातलेल्यालाही मदत मिळू लागली. २००५ चा हा अभ्यास वाचताना मला मोज्यावरून चाचपलेला तो घोटा आठवला. मी तेव्हा स्वतःला ‘आमच्या पेठेचा’ एवढेच समजत होतो.

खरे तर आमच्या तालमींना हे कोणी परदेशातून येऊन शिकवण्याची गरज नव्हती. लाल मातीत लढत सुरू होण्यापूर्वी मल्ल एकमेकांशी हात मिळवतात, आणि चितपट झालेल्याला जिंकणारा हात देऊन उठवतो, हे पाहतच आम्ही मोठे झालो. खिलाडूवृत्ती हा शब्द माहीत नसलेल्या वस्तादांनीही तिचे धडे दिले. ते धडे आखाड्यातून फुटबॉलच्या मैदानात आणण्याचे काम ज्येष्ठांचे आहे. कारण गॅलरीतली पंधरा-सोळा वर्षांची मुले शिवी कधी द्यायची आणि टाळी कधी वाजवायची, हे शेजारच्या पांढऱ्या केसांकडे पाहून शिकतात.

आता ज्या घरांत असे आबा आहेत, त्या घरांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी.

पहिली, परवानगीची. अलीकडेच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, स्टेंट किंवा शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, थोडे चालल्यावर छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर स्टेडियमवर जाण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. प्रकृती स्थिर असेल तर बहुधा मार्ग निघतो.

दुसरी, तयारीची. त्या दिवशीच्या गोळ्या वेळेवर घ्याव्यात. मधुमेहींनी, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी, सामन्याच्या नादात जेवण चुकवू नये. दुपारच्या उन्हात टोपी आणि पाणी हवेच. शक्यतो सावलीतली, दरवाजाजवळची जागा धरावी आणि सोबत कोणीतरी असावे. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवण्याची गोळी दिली असेल, तर ती खिशात असावी. ती घेताना बसून घ्यावी, कारण रक्तदाब एकदम उतरून चक्कर येऊ शकते.

तिसरी, धोक्याच्या खुणांची. छातीवर दडपण, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, दरदरून घाम, दम लागणे, मळमळ यांपैकी काही झाले तर सामना तेथेच सोडावा. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत न दुखताही केवळ दम, घाम किंवा विलक्षण थकवा एवढेच दिसू शकते. गोळी घेऊन पाच मिनिटांत आराम पडला नाही, तर १०८ क्रमांकाला फोन करावा. गोळी जवळ नसेल, तर तेवढेही थांबू नये. आणि आबांनी केले तसे ‘थोड्या वेळाने थांबले’ म्हणून रात्र काढू नये.

चौथी, घरच्यांच्या वागण्याची. हरलेल्या ज्येष्ठांना डिवचू नये. “एवढं काय त्यात, खेळच आहे” असेही म्हणू नये. त्यांच्यासाठी ते पन्नास वर्षांचे नाते असते. आधी ऐकून घ्यावे, पाणी द्यावे, जेवायला बसवावे. रक्तदाब लगेच मोजू नये. निदान अर्धा तास जाऊ द्यावा, पाठ टेकून पाच मिनिटे शांत बसवावे आणि मग मोजावा. घरी येताच मोजलेल्या आकड्याने रुग्ण आणि घरचे दोघेही घाबरतात. मात्र शांत बसल्यावरही आकडा बराच चढलेला असेल, तर डॉक्टरांना कळवावे. टीव्हीवर सामना चालू असेल आणि त्यांचा आवाज चढू लागला, तर संच बंद करण्याऐवजी शेजारी जाऊन बसावे. बहुतेक वेळा एवढ्याने भागते.

आबांच्या बाबतीत आम्ही असेच ठरवले. हृदयरोगतज्ज्ञांनी औषधे बदलल्यानंतर काही आठवड्यांनी संमती दिली, आणि एक तोडगा मी सुचवला : सामना आमच्या दोन पेठांचा असेल तेव्हा आबांनी माझ्याबरोबर बसायचे. सूनबाई साशंक होत्या. आबा म्हणाले, “बसतो. पण तुमच्या गॅलरीत नाही.” शेवटी दोन्ही गॅलऱ्यांपासून दूर, दरवाजाजवळची सावलीतली जागा आम्ही निवडली.

मे महिन्यातला सामना होता. शेवटची दहा मिनिटे, बरोबरी. माझ्या पेठेच्या बचावपटूने गोलसमोर घसरत जाऊन चेंडू काढायचा प्रयत्न केला, आबांच्या संघाचा खेळाडू पडला, पंचांनी पेनल्टी दिली. माझ्या ओठांवर शब्द आला होता. मी मनात जर्सी बदलल्या आणि तो गिळला. बदलून पाहिले तेव्हा मला ती पेनल्टीच दिसली. तेवढ्यात आबा माझ्याकडे वळून म्हणाले, “नव्हती हो, डॉक्टर. तुमच्या पोरानं आधी बॉल खेळला.”

“होती, आबा,” मी म्हणालो.

“नव्हती!”

पेनल्टीवर गोल झाला. आबांचा संघ जिंकला. दरवाजाबाहेर पडेपर्यंत आमचा वाद चालूच होता. माझ्या वीस वर्षांच्या ओळखीत आम्ही प्रथमच एकमेकांच्या बाजूने भांडत होतो. घरी पोहोचल्यावर सूनबाईंनी अर्धा तास थांबून रक्तदाब मोजला आणि मला फोनवर आकडा सांगितला : १४२/८४. वयाच्या आणि विजयाच्या मानाने मला तो मान्य होता.

राहिली मार्चमधली ती पेनल्टी. आबा अजूनही अधूनमधून विचारतात, “खरं सांगा डॉक्टर, ती होती का?” पूर्वी मी गप्प बसत असे. आता सांगतो, “आबा, मी समोरच्या बाजूला बसलो होतो. मला माझ्या बाजूनं दिसली.” ते थोडा वेळ माझ्याकडे पाहतात आणि दंड पुढे करतात.